पहिले जुने पिनबॉल यंत्र घरी आणायचे आहे : काय पाहावे आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी?

नेपरव्हिलकर :

नमस्कार. शिकागोच्या पश्चिम उपनगरात आमचे घर आहे आणि मुले मोठी झाल्यामुळे तळघर आता रिकामे झाले आहे. तेथे एक जुने पिनबॉल यंत्र आणावे आणि ते शक्यतो स्वतःच्या हाताने दुरुस्त करावे, असा विचार आहे. गॉटलिब, बॅली, विल्यम्स आणि अलीकडची स्टर्न या सर्व कंपन्या शिकागो परिसरातल्याच असल्यामुळे जुनी यंत्रे येथील जाहिरातींत सतत दिसतात. निवडीला वाव आहे, आणि म्हणूनच गोंधळही अधिक आहे.

सध्या दोन यंत्रे डोळ्यांसमोर आहेत. पहिले विल्यम्सचे १९८६ सालचे ‘पिनबॉट’. ते चालू स्थितीत असून मागणी २,८०० डॉलरची आहे, आणि ‘एखाददुसरा स्विच लागत नाही, बाकी उत्तम’ असे विक्रेता म्हणतो. दुसरे बॅलीचे १९८१ सालचे ‘एट बॉल डीलक्स’. ते बंद आहे, मागणी १,२०० डॉलरची आहे आणि जाहिरातीत ‘बहुधा फ्यूज गेला असावा’ असे लिहिले आहे. मला सोल्डरिंग येते आणि मल्टिमीटर वापरता येतो. मात्र पिनबॉलचे यंत्र मी आतून कधीही पाहिलेले नाही. पाहायला गेल्यावर नेमके काय तपासावे, आणि स्वस्त पण बंद यंत्र घेण्यात शहाणपण आहे का, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारयंत्री :

‘बहुधा फ्यूज गेला असावा’ हे वाक्य बंद यंत्रांच्या जाहिरातींत इतक्या वेळा आढळते, की त्याचा अर्थ ‘काय बिघडले आहे ते मला ठाऊक नाही’ एवढाच घ्यावा. फ्यूज बदलायला डॉलरभर खर्च येतो; तेवढ्याने यंत्र चालू झाले असते, तर विक्रेत्याने तो बदलून मागणी दुप्पट केली असती.

माझा सल्ला असा, की पहिल्या यंत्रासाठी पैसे मोजताना जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या स्थितीकडे पाहावे. कॉइल (वीज मिळताच भाग हलवणारी तारेची वेटोळी), स्विच, रबर, फ्लिपरचे (बटण दाबताच चेंडू मारणाऱ्या दांड्यांचे) सुटे भाग, बहुतेक सर्किट बोर्ड हे सारे आज नवे मिळते. प्लेफील्डवरचा, म्हणजे चेंडू धावतो त्या फळीवरचा, रंग लाकडापर्यंत घासला गेला असेल किंवा बॅकग्लासच्या, म्हणजे मागच्या उभ्या चित्रकाचेच्या, मागचा रंग पोपडे धरून गळत असेल, तर मात्र तो उपाय तुमच्या हातात राहत नाही. काही लोकप्रिय यंत्रांची नवी प्लेफील्डे मिळतात हे खरे. पण सर्व भाग जुन्यावरून काढून नव्यावर बसवणे हे नवशिक्याचे काम नव्हे, आणि त्याचा खर्चही यंत्राच्या किमतीच्या पंक्तीला जाऊन बसतो.

पाहायला जाताना विजेरी, मल्टिमीटर आणि कागद-पेन न्यावे. पुढचे नाण्यांचे दार उघडून आधी वरची काच काढायला लावावी, कारण काचेतून प्लेफील्ड नेहमीच बरे दिसते. फ्लिपरच्या समोरचा भाग, चेंडू खाली परत येतो त्या दोन्ही कडा आणि गोल दिव्यांच्या पारदर्शक चकत्यांभोवतीचा रंग येथे झीज सर्वांत आधी दिसते. चकत्या वर आल्या आहेत की खाली बसल्या आहेत, हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते.

त्यानंतर मागचा उभा खोका, म्हणजे बॅकबॉक्स, उघडायला सांगावे. विक्रेता ‘किल्ली सापडत नाही’ म्हणाला, तर किंमत तेथेच खाली आली असे समजावे. पिनबॉटच्या मुख्य बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. यंत्र बंद असतानाही सर्वोच्च गुण आणि सेटिंग लक्षात राहावीत, यासाठी ते दिलेले असतात. एट बॉल डीलक्सच्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. दोन्हींचा शेवट एकच असतो. वर्षानुवर्षे न बदललेली बॅटरी गळते, तो क्षार बोर्डाच्या तांब्याच्या रेषा आणि चिपांचे सॉकेट खात खाली उतरतो आणि जोडलेल्या तारांमध्येही शिरतो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर छायाचित्र घ्यावे आणि नव्या बोर्डाची किंमत मागणीतून वजा करावी.

कनेक्टर पाहावेत. सामान्य दिव्यांना (खेळभर सतत लागलेल्या दिव्यांना) वीज नेणारे कनेक्टर तापून तपकिरी किंवा काळे पडलेले असणे या वयाच्या यंत्रांत नेहमीचे आहे, आणि तो दुरुस्त होणारा दोष आहे. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला दिसणे, किंवा ठरलेल्यापेक्षा मोठा फ्यूज बसवलेला असणे, हे अधिक वाईट. कारण मग त्यापुढच्या वायरिंगने काय सोसले आहे याचा अंदाज येत नाही. भिंतीत घालायच्या प्लगची अर्थिंगची पिनही तपासावी. जुन्या यंत्रांवर ती अनेकदा कापून टाकलेली आढळते.

यंत्र चालू असेल तर दाराच्या आतली बटणे वापरून चाचणीचा कार्यक्रम चालवावा. दिवे, कॉइल, स्विच आणि डिस्प्ले यांची चाचणी यंत्र स्वतःच क्रमाने घेते, आणि लागत नसलेले स्विच ‘एखाददुसरे’ आहेत की सात-आठ, हे पाच मिनिटांत कळते. पिनबॉटमध्ये यंत्रमानवाच्या चेहऱ्यावरची झडप मोटारीने वर-खाली होते; ती दोन्ही टोकांना थांबते ना, हे आवर्जून पाहावे.

सुमेधा_मिशिगन :

तारयंत्रींशी सहमत आहे. त्यात एकच भर घालते. घेण्यापूर्वी ते यंत्र कुठेतरी पुरेसे खेळून पाहा. तुमच्या भागात १९८५ पासून दरवर्षी पिनबॉल एक्स्पो भरतो, आणि जुनी यंत्रे मांडलेली खेळघरेही आहेत. घरात यंत्र एकच असते आणि तेच तुम्ही वर्षभर खेळणार असता, म्हणून ते दुर्मीळ असण्यापेक्षा तुम्हाला आवडणारे असणे महत्त्वाचे. पिनबॉटमध्ये प्लूटोपासून सूर्याकडे ग्रह ओलांडत जायचे असते आणि पाच बाय पाच दिव्यांची जाळी भरली की झडप उघडते. नियम पाहुण्यांना चटकन समजतात, आणि तरीही ते लवकर कंटाळवाणे होत नाही. त्याची सुमारे १२,००० नग निर्मिती झाली होती, त्यामुळे सुटे भाग व माहितीपत्रके यांची वाण नाही.

माझ्याकडे गॉटलिबचे १९७० च्या दशकातले विद्युत-यांत्रिक यंत्र आहे. त्यात एकही चिप नाही. गुण मोजण्याचे सारे काम रिले, पायरी-पायरीने फिरणाऱ्या चकत्या आणि एक मोटार मिळून करतात. इलेक्ट्रॉनिक्सची भीती वाटणाऱ्यांना मी तेच सुचवते. तुम्हाला सोल्डरिंग येत असेल तर तुमचे दोन्ही पर्याय आवाक्यातले आहेत.

ॲटलांटावासी :

थोडे वेगळे मत मांडतो. दुरुस्तीचीच हौस असेल तर प्रश्न नाही. पण कुटुंबाला खेळायला यंत्र हवे असेल, तर सात हजार डॉलरच्या आसपास स्टर्नचे नवे प्राथमिक आवृत्तीचे यंत्र मिळते, त्यासोबत हमी असते, आणि ते विकताना फारसा तोटाही होत नाही. जुन्या यंत्रात घातलेले तास कोणी मोजत नाही.

नेपरव्हिलकर :

@ॲटलांटावासी, आपला मुद्दा मान्य आहे. मला मात्र ते तासच हवे आहेत.

आबा_चिंचवड :

मी निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ आहे. पिनबॉल आम्ही लहानपणी खिळ्यांच्या लाकडी बगॅटेल फळीवरच खेळलो, त्यामुळे या यंत्राविषयी अधिकाराने बोलणार नाही. मात्र सुमेधाताईंनी लिहिलेली रिले आणि पायऱ्यांच्या चकत्यांची रचना वाचून आमचे स्ट्रॉजर एक्सचेंज, म्हणजे जुने यांत्रिक टेलिफोन केंद्र, आठवले, म्हणून संपर्कबिंदूंविषयी दोन शब्द लिहितो. नव्या माणसाच्या हातात सॅंडपेपर आला की तो प्रत्येक संपर्क घासत सुटतो. आमच्याकडे तसे करण्यास सक्त मनाई होती, कारण त्यामुळे पृष्ठभाग खरवडला जातो आणि महिनाभरात दोष दुप्पट होतो. या यंत्रांतही तोच नियम असावा, असे वाटते. शिवाय एक शंका आहे : असे यंत्र भारतात आणले तर २३० व्होल्टवर चालेल का? माझा मुलगा न्यू जर्सीहून कायमचा परत येत आहे, आणि त्याचा डोळा अशाच एका यंत्रावर आहे.

तारयंत्री :

आबा, तुमचा नियम येथे तंतोतंत लागू आहे, फक्त दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. प्लेफील्डखालचे साधे स्विच अल्प प्रवाहाचे असतात आणि त्यांच्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो; तेथे कानस कधीही लावू नये. संपर्कांमध्ये एखादे कोरे व्हिजिटिंग कार्ड धरून, हलकेच दाब देऊन ओढून काढले की पुरे. फ्लिपरच्या बटणांचे आणि फ्लिपरच्या हालचालीच्या टोकाचे जुन्या पद्धतीचे स्विच मात्र कॉइलचा संपूर्ण प्रवाह तोडतात. त्यांचे संपर्क टंगस्टनचे असतात, ठिणग्यांमुळे त्यांवर खड्डे पडतात, आणि तेथे बारीक कानस वापरावीच लागते.

व्होल्टेजबद्दल : बहुतेक यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी प्राथमिक जोडण्या दिलेल्या असतात. माहितीपत्रकातील आकृतीप्रमाणे जंपर बदलले आणि मुख्य फ्यूज योग्य क्षमतेचा बसवला, की इलेक्ट्रॉनिक यंत्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर व्यवस्थित चालते. विद्युत-यांत्रिक यंत्रातली गुणांची मोटार ५० हर्ट्झवर थोडी संथ फिरते. खरी अडचण वजनाची आहे. अडीचशे पौंडांहून जड वस्तू जहाजाने न्यायची, तर लाकडी पेटी आणि ओलाव्यापासून संरक्षण यांचा खर्च आधी विचारात घ्यावा.

नेपरव्हिलकर :

दोन्ही यंत्रे पाहून आलो. एट बॉल डीलक्सच्या मुख्य बोर्डाचा खालचा कोपरा क्षाराने पूर्ण खाल्लेला होता आणि प्लेफील्डवर मधोमध तळहाताएवढे लाकूड उघडे पडले होते. पिनबॉटचे प्लेफील्ड मात्र बहुतांशी मायलार या पारदर्शक प्लॅस्टिकच्या थराखाली सुरक्षित आहे. चाचणीत चार स्विच मेलेले निघाले, सामान्य दिव्यांपैकी निम्मे लागत नव्हते, डावा फ्लिपर चेंडू जेमतेम अर्ध्यापर्यंत पोहोचवत होता आणि अर्थिंगची पिन कापलेली होती. सेल गळलेले नव्हते. ही यादी विक्रेत्यासमोर ठेवल्यावर २,४०० डॉलरला सौदा झाला. यंत्र आता तळघरात आहे. ते आणताना चेंडू आधी बाहेर काढून ठेवले आणि काच वेगळी आणली. पाय काढून मागचा खोका आडवा केल्यावर दोन माणसे आणि एक हातगाडी एवढ्यात काम झाले, जिन्यावर तिसरा माणूस लागला.

आता हात नेमका कशाला आधी लावू? पत्नीचे म्हणणे आहे की सगळे उघडून, पुसून, नव्याने जोडावे.

तारयंत्री :

अभिनंदन. सगळे एकदम उघडू नये, अशी विनंती वहिनींपर्यंत पोहोचवा. पूर्ण सुटे केलेले यंत्र जोडताना नवा दोष आला, तर तो जुना होता की आपण निर्माण केला हे कळत नाही. एका वेळी एक भाग, तो जोडून चाचणी, मग पुढचा, या क्रमाने जावे, आणि प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे.

पहिले काम विजेचे. तीन पिनांचा नवा प्लग लावा, प्रत्येक फ्यूज काढून त्याची क्षमता माहितीपत्रकाशी ताडून पाहा, आणि सेल आजच बोर्डावरून काढा. सेलचा खोका तारांनी जोडून बोर्डापासून दूर खाली बसवता येतो, किंवा बॅटरीशिवाय स्मृती टिकवणारी चिप बसवता येते. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. गळण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. सेल काढल्यावर यंत्र सुरू करताना सेटिंग हरवल्याचा संदेश येईल. नाण्यांचे दार उघडे ठेवून यंत्र पुन्हा चालू केले की ते मूळ सेटिंगवर येते, कारण दार बंद असताना स्मृतीवर लिहिण्यास अटकाव असतो. त्यानंतर पाच व्होल्टचा पुरवठा मोजा, तो ४.९ ते ५.१ च्या दरम्यान हवा. बोर्डांवर हात घालण्यापूर्वी प्लग काढलेला असलाच पाहिजे, कारण या पिढीच्या डिस्प्लेला शंभराच्या आसपास व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार उरतो.

अर्धे दिवे न लागणे हे बहुधा बॅकबॉक्समधल्या जोडणीच्या बोर्डावरील जळक्या कनेक्टरमुळे असेल. तेथे केवळ प्लॅस्टिकचे घर बदलून भागत नाही. तापलेल्या बोर्डावरच्या पिनाही बदलाव्यात, त्यांचे सोल्डर नव्याने करावे आणि पिनांना तीन बाजूंनी पकडणारी टर्मिनल तारांवर दाबून बसवावीत. कोणी तारा थेट बोर्डाला सोल्डर करून टाकल्या असतील, तर त्या काढून रीतसर कनेक्टर लावा. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी बोर्ड सुटा करता आला पाहिजे.

तारयंत्री :

फ्लिपरविषयी वेगळे लिहितो, कारण खेळाचा जीव तेथेच आहे.

तुमच्या यंत्राच्या फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी आहेत. एक जाड तारेचे, जे जोराचा धक्का देते. दुसरे बारीक तारेचे, जे फ्लिपर वर धरून ठेवते. फ्लिपर पूर्ण उचलला गेला की टोकाचा स्विच उघडतो, बारीक वेटोळे जाड वेटोळ्याशी एकसर जोडणीत येते आणि प्रवाह एकदम उतरतो. हा स्विच नीट मिटत नसेल तर धक्का मिळत नाही आणि फ्लिपर मरगळलेला वाटतो. तो उघडतच नसेल तर जाड वेटोळे तापते आणि बटण थोडा वेळ दाबून धरले, तरी कॉइल जळते. (१९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’पासून हे काम संगणकाकडे गेले, त्यामुळे नव्या यंत्रांची माहिती येथे जशीच्या तशी लावू नये.)

फ्लिपरचा दुरुस्ती संच मागवा. त्यात लोखंडी प्लंजर व त्याची जोडपट्टी, कॉइलची नळी, कॉइलचा थांबा, स्प्रिंग आणि टोकाचा स्विच असे सर्व असते, आणि दोन्ही फ्लिपर एकाच वेळी नवे करावेत. प्लंजरचे टोक वर्षानुवर्षे थांब्यावर आदळून पसरते, मग ते नळीत घासत जाते. लोक तेथे तेल सोडतात. तसे कदापि करू नये. नळी कोरडीच हवी, तेलात काळी धूळ चिकटते आणि अडकणे वाढते.

नेपरव्हिलकर :

अर्थिंग, फ्यूज, कनेक्टर आणि फ्लिपर एवढी कामे पूर्ण झाली. डावा फ्लिपर आता चेंडू थेट वरपर्यंत मारतो, आणि फरक इतका आहे की मुलांनी ‘नवे यंत्र आणले का’ असे विचारले. स्विचचा प्रश्न मात्र उरला आहे. मेलेल्या चारपैकी तीन एकाच स्तंभातले आहेत, आणि वेगळ्याच एका लक्ष्याला चेंडू लागला की भलत्या ठिकाणचे गुण मिळतात.

तारयंत्री :

हे चांगले लक्षण आहे, कारण मेलेल्या चार स्विचांमागे चार दोष नसून बहुधा दोनच आहेत. स्विच आठ स्तंभ आणि आठ ओळींच्या जाळीत जोडलेले असतात आणि तार एका स्विचवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. एकाच स्तंभातले तीन मेले असतील, तर त्या रंगाची तार ज्या चालू स्विचपर्यंत पोहोचते तेथून पुढचे टोक पाहा. जोड तुटलेला सापडेल. भलते गुण मिळणे हा वेगळा दोष असून जाळीतला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आरपार झाल्याचे, म्हणजे दोन्ही दिशांनी वीज सोडू लागल्याचे, चिन्ह आहे. प्रत्येक स्विचला १एन४००४ जातीचा एक डायोड असतो. त्याचे एक टोक सोडवून मल्टिमीटरने दोन्ही दिशांनी मोजा, आणि नवा बसवताना पट्ट्याची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवा. चौथा, एकटा मेलेला स्विच आबांच्या नियमाने, म्हणजे कोऱ्या कार्डाने, जिवंत होईल असा माझा अंदाज आहे.

नेपरव्हिलकर :

तिन्ही निदाने बरोबर निघाली. तुटलेली तार झडपेखालच्या वळणावर होती, रोजच्या हालचालीने झिजलेली. आता स्वच्छतेकडे वळतो आहे. मायलार काढावे का? आणि जुन्या बल्बच्या जागी एलईडी लावावेत का?

सुमेधा_मिशिगन :

मायलार कडेने सुटलेले नसेल तर हात लावू नका. ते काढताना खालचा रंग सोबत येण्याचा धोका असतो, आणि ज्या झिजेपासून ते वाचवते ती तुमच्या यंत्रात झालेलीच नाही. वरचे रबर आणि प्लॅस्टिकचे तुकडे छायाचित्रे घेत एकेका भागातून काढा, आधी व्हॅक्यूमने काळी धूळ ओढून घ्या आणि मग मऊ कापडावर नॅफ्था घेऊन पुसा. खोलीत हवा खेळती हवी आणि जवळ ज्योत नको. पाण्याचा वापर टाळा, कारण जुन्या लाखेला बारीक चिरा असतात आणि त्यांतून पाणी शिरले की लाकडाचे तंतू फुगतात. ओरखडे सौम्य पॉलिशने कमी करा आणि शेवटी शुद्ध कार्नोबा मेणाचा पातळ हात द्या.

चेंडू नवा घाला, जुना कितीही चकचकीत दिसत असला तरी. तो २७ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ८० ग्रॅमचा पोलादी गोळा आहे. त्यावर एक खड्डा असला, तरी तो प्रत्येक फेरीत प्लेफील्ड खरवडतो.

एलईडीने ताप आणि प्रवाह दोन्ही कमी होतात, त्यामुळे तुम्ही नव्याने बांधलेल्या त्या कनेक्टरला दिलासा मिळेल. परंतु नियंत्रित दिव्यांत (खेळानुसार यंत्र चालू-बंद करते त्या दिव्यांत) स्वस्त एलईडी बंद असतानाही मंद लुकलुकतात. त्यासाठी वेगळ्या जातीचे, लुकलुक न करणारे घ्यावेत. रंगाबाबत माझे मत जुन्या वळणाचे आहे : सामान्य दिव्यांना उबदार पांढरा, आणि रंगीत चकतीखाली तिच्याच रंगाचा. निळसर पांढरा प्रकाश सगळीकडे ओतला, की पिनबॉटचे चित्र दवाखान्यातल्यासारखे दिसू लागते.

नेपरव्हिलकर :

मेण लावल्यावर चेंडू इतका वेगाने धावतो आहे की खेळ अवघड झाला आहे, आणि तो सतत उजवीकडे ओढला जातो. हे मेणामुळे, की अजून काही राहिले आहे?

तारयंत्री :

वेग मेणाचा, ओढ जमिनीची. तळघराच्या फरशीला सांडपाण्याच्या जाळीकडे उतार असतोच. पातळीमापक काचेवर नव्हे, थेट प्लेफील्डवर आडवा ठेवा आणि पायांचे स्क्रू फिरवून आधी डावी-उजवी बाजू सारखी करा. मग मागचे पाय उचलून उतार साडेसहा अंशांपर्यंत आणा. त्यानंतर टिल्टचा, म्हणजे यंत्र फार हलवल्यास डाव रद्द करणारा, लोंबता लंबक पुन्हा मध्यावर आणायला विसरू नका. उतार बदलला की तो कड्याला टेकतो आणि विनाकारण डाव रद्द होतो.